खणल्याशिवाय मुरत नाही

कोल्हापुरात तालमीला देवळाचा मान आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागचं मैदान उभं राहिलं, आणि पेठापेठांतल्या तालमींत गावोगावची पोरं अंगाला माती लावायला येऊ लागली. त्यानंतर कित्येक पिढ्यांनी, पंचगंगेकाठच्या एका खेड्यातला पोरगा असाच वळकटी घेऊन एका तालमीत दाखल झाला. पहाटे उठायचं, कुस्तीच्या मातीचा हौदा खणायचा, जोर-बैठका मारायच्या, मग लढतीला उभं राहायचं. मेहनत तसा खुराक. खलबत्त्यात घोटलेली बदामाची थंडाई, कट्ट्यावर डोळ्यांदेखत पिळलेलं म्हशीचं दूध, तूप, मटण. पोराचं अंग भरलं, त्यानं जत्रेची मैदानं मारली. पंचक्रोशीत त्याचं नाव मागे पडलं आणि सगळे त्याला नुसतं ‘पैलवान’ म्हणू लागले.

पुढे गुडघा दुखावला. लग्न झालं, साखर कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली. तालीम सुटली, खुराक सुटला नाही. सकाळी लिटरभर दूध, जेवताना भाकरीवर तुपाची धार, रविवारी मटणाची दोन ताटं. कारखाना हाकेच्या अंतरावर, तरी जाणं-येणं मोटारसायकलवर. दिवस खुर्चीत, रात्र टीव्हीसमोर. कारभारणीनं कधी “अहो, जरा बेतानं खा,” म्हटलं, तर उत्तर ठरलेलं असे, “पैलवानाचं अंग आहे, जिरवतंय सगळं.”

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते जिरेना. सारखी तहान लागू लागली, रात्री चार-चारदा उठावं लागू लागलं, ऑफिसातले आकडे धूसर दिसू लागले. डॉक्टरांनी रक्त तपासलं. एचबीए१सी ९.२ निघाला. साडेसहा किंवा त्याच्या वर गेला की मधुमेह धरतात, हा तर फार पुढे गेला होता. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, रक्तदाब आणि हृदय तपासलं, आहार सांगितला आणि रोज चालायला सांगितलं.

चालायला? पैलवानाला तो अपमान वाटला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं लंगोट कसला आणि जुन्या हिशेबानं एका दमात बैठका मारायला घेतल्या. दीडशेच्या पुढे पाय थरथरायला लागले, तरी तो थांबला नाही. पुढचे चार दिवस त्याला जिना उतरता येईना. मग त्यानं जेवण तोडलं. दोन दिवस नुसतं ताक प्यायला आणि तिसऱ्या दिवशी भुकेनं पिसाळून दुप्पट जेवला. शेवटी मान खाली घालून तो आपल्या वस्तादांकडे गेला.

वस्ताद ऐंशीच्या घरातले. काटकुळे, पण ताठ. अजून पहाटे तालमीत हजर असत.

“वस्ताद, साखर निघाली.”

“शेवटचा जोर कधी मारलास?”

“बावीस वर्षं झाली असतील.”

“आणि दुधाचा शेवटचा पेला?”

पैलवान गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, “आज सकाळी.”

वस्ताद काही बोलले नाहीत. त्याला हौद्यापाशी घेऊन गेले. तालमीची माती नुसती माती नसते. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबाचा रस आणि काव घालतात, ती रोज खणून मोकळी करतात, म्हणून ती लोण्यासारखी मऊ राहते. एका कोपऱ्यात मात्र पावसाळ्यात छप्पर गळलं होतं. तिथे पोरं महिनाभर फिरकली नव्हती. वस्तादांनी तेलाची वाटी त्याच्या हातात दिली. “निम्मं हितं वत, निम्मं त्या कोपऱ्यात.”

खणलेल्या मातीत तेल बघता बघता मुरलं. त्यानं मूठभर माती उचलून दाबली, ती हाताला मऊ लागली, तिला हळदीचा वास आला. कोपऱ्यातली माती फरशीसारखी घट्ट झाली होती. तिथलं तेल वरच थांबलं, त्याचा तवंग झाला आणि त्यावर केरकचरा चिकटला.

“माती तीच, तेल बी तेच,” वस्ताद म्हणाले. “खणल्याबिगर घातल्यालं मुरत न्हाई लेका. तू बावीस वर्षं नुसतं तेलच वतत बसलायस.”

मग त्यांनी खोरं पुढे केलं. “उद्यापासनं ये. पर आख्खा हौदा न्हाई. ह्यो एक कोपरा, दमानं. दम लागला की थांबायचं.”

पैलवान रोज पहाटे येऊ लागला. पहिल्या आठवड्यात हातभर पट्टा खणतानाच छाती भरून यायची. शेजारी दहा-बारा वर्षांची पोरं त्याच्या दुप्पट खणायची. वस्तादांनी बैठका दहापासून सुरू करायला लावल्या आणि दर आठवड्याला थोड्या थोड्या वाढवल्या. मोटारसायकल सुटीच्या दिवसापुरती उरली, कारखान्याला तो पायी जाऊ लागला. रात्री जेवण झालं की नवरा-बायको पांदीनं पंधरा मिनिटं फिरून येत.

त्यानं हे डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा ते खुलले. म्हणाले, “तुमच्या वस्तादांनी नेमकं सांगितलं. रक्तातली साखर साठवायची आणि वापरायची सगळ्यात मोठी जागा म्हणजे स्नायू. स्नायू काम करायला लागले, की इन्सुलिनचा जोर कमी पडत असला तरी ते रक्तातून साखर ओढून घेतात. बसून राहिलं की ती वाट बंद होते. आठवड्याला निदान दीडशे मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, एवढं सगळ्याच मोठ्या माणसांना लागतं. फक्त गोळ्या मनानं बंद करू नका.”

राहिला खुराक. लिटरभर म्हशीच्या दुधातून हजाराच्या आसपास कॅलरी पोटात जातात. पाचशे जोर मारणाऱ्या पोराला त्या पुरत नाहीत, खुर्चीतल्या माणसाला त्या जड होतात. लिटरावरून दूध एका पेल्यावर आलं. कारभारणीनं ताटाची मांडणी बदलली. अर्ध्या ताटात मेथी, शेपू, दोडका, काकडी, पाव ताटात मटकीची उसळ नाहीतर घट्ट आमटी, उरलेल्या पावात ज्वारीची एक भाकरी. मटण राहिलं, पण ताट एक झालं आणि रस्स्यावरचा कट बाजूला गेला. पैलवान उपाशी राहिला नाही, म्हणूनच हे टिकलं.

महिन्याभरातच त्याला पुन्हा एचबीए१सी तपासून घ्यायची घाई झाली. डॉक्टरांनी थांबवलं. “तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्यांना चिकटलेली साखर या तपासणीत मोजतात, म्हणून दोन-तीन महिन्यांचा सगळा हिशेब तिच्यात उतरतो. आदल्या दिवशी उपास करून तिला फसवता येत नाही.” वस्तादांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, “मंग ती बी मैदानासारखीच हाय की. रोजची मेहनत तिथं दिसल्याबिगर ऱ्हात न्हाई.”

तीन महिन्यांनी आकडा ७.६ वर आला, सहा महिन्यांनी ६.८ वर. डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. रात्रीची झोप सलग झाली, नजरही निवळली.

गावच्या जत्रेत पंगतीला मंडळी आग्रह करू लागली, “पैलवान, तुम्ही एवढंच खाणार? अंगाला शोभतं का?” एकानं ताटात वाढायला पळी पुढे केलीच. पैलवानानं ताटावर हात आडवा धरला. “वाढू नका. खाल्लं असतं, पण आज मेहनत तेवढी झालेली नाही.” पंगतीत असेच सुटलेल्या पोटांचे दोन-तीन जुने मल्ल होते. जेवण झाल्यावर ते त्याच्याभोवती जमले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हौदा खणायला आणखी तिघे आले.

ही गोष्ट फक्त पैलवानांची नाही. आपल्या आजोबांनी मोट हाकली, आजीनं जात्यावर दळलं, आडाचं पाणी शेंदलं. ते काम गेलं, ताट मात्र तेवढंच राहिलं. त्यात साखरेचा चहा, फरसाण आणि बेकरीचे पदार्थ वाढले. तालीम सर्वांनाच लागते असं नाही. पायी बाजारात जावं, जिना चढावा, परसात चार वाफे खणावेत, दारात दहा बैठका माराव्यात. ज्याला जे झेपेल ते त्यानं आजपासून करावं, थोडंच करावं, पण रोज करावं. तरुणपणी कमावलेलं अंग म्हातारपणापर्यंत पुरत नाही. शरीर कालची पुण्याई आज जमेला धरत नाही, म्हणून जेवायला बसताना प्रत्येकानं आपल्या आजच्या मेहनतीएवढंच वाढून घ्यावं.