सुंदर बेट आणि पाहणारे डोळे

बिट्टन मार्केटातून भाजी घेऊन परतताना आमच्या शब्बाथशाळेतील एक मुलगी दुकानाच्या काचेपुढे थांबली. आत मॉरिशसचे मोठे चित्र होते. निळा समुद्र, पांढरी वाळू, मागे हिरवी दरी आणि खाली ‘पृथ्वीवरील स्वर्ग’ अशी अक्षरे. तिने विचारले, “बाई, स्वर्ग असाच असेल का?” “असेल,” म्हणून मी पुढे चालू लागले. पण ते उत्तर माझ्या मनाला पटेना.

त्या बेटाचे सौंदर्य खोटे नाही. किनाऱ्याभोवती प्रवाळाचा बांध असल्यामुळे आतले पाणी शांत राहते. शामारेलला धबधबा आहे, रंगीत मातीच्या टेकड्या आहेत. देवाने निर्मिलेले पाहून आनंद मानणे हे पाप नव्हे. स्तोत्रकर्त्यानेही समुद्र आणि डोंगर पाहूनच देवाचे स्तवन केले.

परंतु नैर्ऋत्य किनाऱ्यावर ल मोर्न नावाचा जो उभा डोंगर प्रवासी कौतुकाने पाहतात, त्याच्या कपारींत एके काळी मळ्यांतून पळालेले गुलाम लपून राहत. 1 फेब्रुवारी 1835 रोजी तेथील गुलामगिरी संपली. ही वार्ता सांगायला शिपाई वर चढले, तेव्हा ते आपल्याला धरायलाच आले असे समजून लपलेल्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा तेथील लोक सांगतात.

गुलामांच्या जागी उसाच्या मळ्यांत आले ते आपले लोक. 1834 पासून करारबद्ध मजूर हिंदुस्थानातून तेथे जाऊ लागले. पुढे त्यांची संख्या साडेचार लाखांच्या घरात गेली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातील मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आजही मराठी जपतात. मळ्यावर एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. पोर्ट लुईच्या ज्या घाटावर हे मजूर उतरत, तेथील दगडी पायऱ्या अजून आहेत.

मग प्रश्न असा की, जेथे इतके अश्रू सांडले तेथे आनंदाने फिरणे योग्य आहे काय? आणि प्रत्येक ठिकाणी दुःखच आठवत बसलो, तर देवाने दिलेला आनंद घ्यायचा केव्हा?

मार्काच्या 12 व्या अध्यायाच्या शेवटी एक गरीब विधवा भांडारात दोन टोल्या टाकते. लगेच पुढच्या अध्यायात मंदिरातून निघताना एक शिष्य तेथील भव्य चिऱ्यांचे कौतुक करतो. शिष्याची दृष्टी दगडांवर गेली, प्रभूची विधवेवर. यरुशलेम दृष्टीस पडताच प्रभू रडला, हे लूक सांगतो. त्या नगरावर त्याचे प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? ज्याला प्रीती आहे, त्याला सौंदर्यही दिसते आणि जखमही.

आपल्या भोपाळचेच पाहा. पाहुणे येतात, मोठ्या तलावावरचा सूर्यास्त पाहून खूष होतात. आपल्यालाही बरे वाटते. पण 2 व 3 डिसेंबर 1984 च्या त्या रात्रीविषयी, वायूने ज्यांची माणसे नेली त्यांच्याविषयी एक शब्दही न विचारता पाहुणा परतला, तर त्याने भोपाळ पाहिले असे आपण म्हणू का?

मॉरिशसमध्येही पाहणारा एक मनुष्य होता. एडॉल्फ द प्लेव्हिट्झ हा स्वतः मळ्याचा कारभार पाहणारा. 1871 मध्ये त्याने मजुरांच्या गाऱ्हाण्यांचा अर्ज तयार केला. त्यावर नऊ हजारांहून अधिक जणांनी आपली संमती नोंदवली. त्यापायी त्याला भर रस्त्यात मार खावा लागला. पण पुढच्याच वर्षी चौकशीसाठी राजकीय आयोग आला. तेच डोंगर आणि तोच समुद्र इतर मळेवाल्यांनाही रोज दिसत होता. याने मात्र त्यांच्यामध्ये राबणारी माणसेही पाहिली.

म्हणून जाण्याची संधी मिळाली तर जरूर जावे, आनंद मानावा, पण त्या घाटाच्या पायऱ्यांपाशीही थोडे उभे राहावे. आणि जे जाणार नाहीत त्यांनी बिट्टन मार्केटातच आरंभ करावा. ताजी भाजी पाहताना ती विकायला पहाटेपासून बसलेल्या बाईकडे पाहावे, आणि घासाघीस करताना तिचे कष्ट विसरू नयेत.

पुढच्या रविवारी मी त्या मुलीला सांगितले, “बाळ, समुद्र कितीही सुंदर असला, तरी त्यामुळे स्वर्ग होत नाही. जेथे देव प्रत्येकाच्या डोळ्यांचे अश्रू पुसतो, तो स्वर्ग.” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे देवाला आधी ते दिसायला पाहिजेत ना, बाई?”

त्याला दिसतातच. आपल्याला दिसावेत, एवढीच प्रार्थना.