वळणापलीकडचा शेजारी



रस्ता कोणाचा? गाडीवाल्याला विचारा, तो म्हणेल, "रस्ता गाड्यांसाठी बांधलाय, पळायचं तर मैदानावर पळा." पळणाऱ्याला विचारा, तो म्हणेल, "गाड्या काल आल्या, माणसं पिढ्यान्पिढ्या चालतायत." दोघांच्याही बोलण्यात थोडे तथ्य आहे, म्हणूनच हा वाद मिटत नाही. आज आपण तो जरा वेगळ्या बाजूने पाहू या.

आपल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत पहाटे रस्त्यावर कोण कोण असते ते आठवून पाहा. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली असतात. मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावण्याची परीक्षा द्यायची असते आणि एकेका सेकंदावर गुण ठरतात. डॉक्टरांनी साखर कमी करण्यासाठी चालायला सांगितलेले काका-काकू असतात. डेअरीला दूध घालायला निघालेला शेतकरी असतो. आणि त्याच वेळी, त्याच डांबरावर, कांदा-टोमॅटोचे पिकअप, पुणे-नाशिक मार्गावरच्या गाड्या, कल्याणकडून माळशेज घाट चढून ओतूर-आळेफाट्याकडे येणारे ट्रक आणि उसाच्या हंगामात डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर असतात. प्रत्येक गावाला मैदान नाही. उसाच्या कडेची पाणंद बिबट्याच्या धास्तीने अंधारात कोणी धरत नाही. म्हणून मुले हमरस्त्यावर येतात. हौस म्हणून नाही, दुसरी जागा नाही म्हणून.

अशा वाटेवर काय घडते ते आपण पाहिले आहे. ३ डिसेंबर २०२३ रोजी शिर्डीहून आळंदीला पायी निघालेल्या दिंडीत आपल्या तालुक्याला लागूनच असलेल्या संगमनेर तालुक्यात, घारगाव परिसरात, पुणे-नाशिक महामार्गावर कंटेनर शिरला. चार वारकरी जागीच गेले. त्याच वर्षी १९ मार्चला, रविवारी सकाळी, मुंबईत वरळी सी फेसवर धावणाऱ्या एका महिलेला भरधाव मोटारीने उडवले आणि त्यात तिचा मृत्यू झाला. जगभर नाव झालेले वृद्ध मॅरेथॉन धावपटू फौजा सिंग १४ जुलै २०२५ रोजी पंजाबात आपल्याच गावाजवळ महामार्गावर गाडीच्या धडकेने गेले. त्यांचे वय ११४ सांगितले जाई. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती.

चालक हा खलनायक नव्हे, हेही सांगितले पाहिजे. रात्रभर माल भरून बाजाराची वेळ गाठणाऱ्या पोराला झोप मिळालेली नसते. उशीर झाला तर भाव पडतो आणि त्याची बोलणी त्यालाच खावी लागतात. तोही कुणाचा तरी मुलगा आहे, कदाचित आपल्याच घरातला. पण त्याच्या अडचणी मान्य करूनही एक फरक उरतो. चूक कोणाचीही असो, धडक झाली तर गाडीवाल्याचे पत्र्याचे नुकसान होते आणि चालणाऱ्याचा जीव जातो. रस्त्यावर दोघांचा हक्क सारखा, पण दोघांच्या हातातली ताकद सारखी नाही. ज्याच्या हातात ताकद जास्त, त्याच्यावर काळजीचे ओझे जास्त. घरात आपण हेच मानतो. तान्ह्या बाळाला धक्का लागला तर "ते मध्ये आले" असे कोणी म्हणत नाही.

आता खरा प्रश्न. समजा, दोन चालक एकाच पहाटे, एकाच वळणावरून, सारख्याच भरधाव वेगाने गेले. पहिल्याला रस्ता रिकामा मिळाला. दुसऱ्याला त्याच वळणापलीकडे एक मुलगी धावताना आढळली आणि ती गेली. दुसऱ्याला आपण गुन्हेगार म्हणतो. पहिला घरी येऊन चहा पितो आणि "आज लवकर पोचलो" म्हणतो. दोघांच्या वागण्यात नेमका फरक काय? काहीच नाही. फरक फक्त त्या मुलीच्या तिथे असण्या-नसण्याचा, आणि ते पहिल्याच्या हातात नव्हते. कायद्याला घडलेले पाहावे लागते, त्याला इलाज नाही. पण विवेकबुद्धीला तेवढ्यावर थांबता येत नाही.

ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात, परिच्छेद २२९० मध्ये, नेमक्या याच ठिकाणी बोट ठेवले आहे. नशेत किंवा वेगाच्या हव्यासापायी जो स्वतःचा आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात घालतो, त्याच्याकडे गंभीर दोष जातो, असा त्याचा आशय आहे. लक्षात घ्या, तिथे जीव घेण्याची अट नाही. धोक्यात घालणे पुरेसे आहे. १९ जून २००७ रोजी व्हॅटिकनने रस्त्यावरील वागणुकीविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले आणि चालकांसाठी दहा आज्ञा दिल्या. पहिली आज्ञा आपण बालपणीच पाठ केलेली आहे, खून न करण्याची. प्रायश्चित्त संस्काराला जाताना आपण रागाचे, खोटेपणाचे, भांडणाचे पाप आठवतो. रिकाम्या मिळालेल्या वळणाचे पाप किती जण आठवतात?

थोडा हिशेबही करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. माणूस दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो. पुढे कोरड्या रस्त्यावरही थांबायला धरून सगळे मिळून साधारण ४० मीटर लागतात. वेग ९० केला तर हेच अंतर ७५ मीटरच्या आसपास जाते. वेग दीडपट, अंतर जवळजवळ दुप्पट. अंधारात डिपरच्या उजेडात गडद कपड्यातला माणूस इतक्या लांबून दिसतच नाही. म्हणजे तो चालक आपल्याला जे दिसत नाही त्याच्यावर गाडी घालत असतो. मध्ये कोणी नसेल, एवढाच त्याचा भरवसा.

पळणाऱ्यांवर जबाबदारी नाही का? आहे. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असे पळावे. चौघांनी हातात हात घातल्यासारखे न पळता एकामागे एक राहावे. पांढरा किंवा फिकट सदरा घालावा आणि चमकणारी पट्टी लावावी. कानात इअरफोन नको. यात गाडीवाल्यापुढे हार मानण्यासारखे काही नाही. घरी आई वाट पाहत असते, तिच्यासाठी हे करायचे. मात्र एखाद्याने काळा सदरा घातला म्हणून त्याच्या जिवाची किंमत कमी होत नाही.

लूकच्या शुभवर्तमानातला चांगला शोमरोनी आपण ऐकलेला आहे. ती गोष्टही रस्त्यावरचीच, यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या वाटेवरची. तो शोमरोनी वाहनवाला होता, हे आपल्या ध्यानात येत नाही. त्याच्यापाशी जनावर होते. त्याने जखमीला त्यावर बसवले, म्हणजे स्वतः पायी चालला, आणि त्याला नक्कीच उशीर झाला. आज अपघात पाहून लोक पोलिसांच्या भीतीने पुढे जातात. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १३४-अ नुसार मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. चालकाने जखमीला उपचार मिळवून द्यावेत, हे कलम १३४ मध्ये आधीपासून आहे.

म्हणून या आठवड्यात एवढे करू या. घरात जो गाडी चालवतो त्याला दहा मिनिटे आधी निघू द्या आणि उशिरा पोचला तर बोलू नका. भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना एक चमकणारी पट्टी घेऊन द्या. ट्रॉलीला मागून लाल रिफ्लेक्टर आहे का ते अंधार पडण्याआधी पाहा. आणि गावात शिरताना, वळण दिसताच, पाय आपोआप ब्रेकवर जाऊ द्या. पलीकडे कोणी नसेल तर दोन सेकंद गेले. कोणी असेल, तर तो आपला शेजारी आहे, आणि आपण त्याला वाचवले हे त्याला कधी कळणारही नाही.