सुट्टी कोणाची?

सण साधेपणानं करावा, हे आता सगळेच म्हणतात. कीर्तनकार म्हणतात, शाळेतले गुरुजी म्हणतात आणि ज्यांच्या दारात जत्रेला डीजे लागतो तेही म्हणतात. पण साधा म्हणजे नेमका कसा? कमी खर्चाचा? कमी माणसांचा? पैशानं मोजायला गेलं की हा हिशेब चुकतो असं मला वाटतं. सण साधा होता की नाही, हे दुसऱ्याच मापानं बघावं. त्या दिवशी घरात सुट्टी कोणाकोणाला मिळाली?

आमच्या लहानपणी मुळशीत चैत्र म्हणजे रिकामपणाचे दिवस. आधी सकाळची शाळा, मग वार्षिक परीक्षा, आणि निकाल थेट १ मेला. मधल्या दिवसांवर कोणाचाच हक्क नसायचा. सकाळी राबासाठी शेण, पातेरा, कवळं वाहायची. राब भाजला की अंगाला धुराचा वास दोन-दोन दिवस राहायचा. दुपारी आंब्याखाली कैऱ्या, मीठ न् तिखट. करवंदं अजून हिरवीच असायची, पण धीर धरतो कोण! ‘सुट्टीत काय करणार?’ असं आम्हाला कुणी विचारलंच नाही. काम होतं तेवढं करायचं, नसलं की हुंदडायचं.

चैत्री पौर्णिमेला मारुतीचा जन्म. उजाडायच्या आत देवळात जायचं आणि सुंठवडा खाऊन यायचं. त्याच सुमाराला आमच्या शेजारी आणखी एक सण असायचा, तो म्हणजे ईस्टर. जवळच्या सरकारी दवाखान्यात एक सिस्टर होत्या, नगर जिल्ह्यातल्या. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आलं. त्या भागातली कितीतरी ख्रिस्ती घरं पुढं शिक्षक आणि नर्स होऊन महाराष्ट्रभर पसरली, त्यांतलंच हे एक. वसंतातला दिवस-रात्र सारखा झाला की त्यानंतरची पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर, असा त्यांचा हिशेब. म्हणून पुष्कळ वर्षी आमचा मारुती आणि त्यांचा ईस्टर एकाच आठवड्यात येतात. २०२३ मध्ये गुरुवारी ६ एप्रिलला हनुमान जयंती होती, दुसऱ्या दिवशी त्यांचा उत्तम शुक्रवार आणि रविवारी ९ तारखेला ईस्टर.

त्यांचं देऊळ, म्हणजे चर्च, लांब पुण्यात. एसटीनं पोरंबाळं घेऊन पहाटेच्या उपासनेला पोचणं शक्यच नव्हतं. म्हणून सण घरातच. उत्तम शुक्रवारी घर गप्प असायचं आणि जेवणही साधं. रविवारी उजाडता उजाडता अंगणात सतरंजी पडायची. पेटी नव्हती, टाळ होते. ‘उपासना संगीत’ मांडीवर घेऊन ती माणसं ना. वा. टिळकांची पदं म्हणायची. चाली अशा की आमच्या आजीला वाटायचं, हरिपाठच चाललाय. पुण्यात कॅम्पातल्या बेकऱ्यांत ईस्टरला बदामाच्या लगद्याची रंगीत अंडी मिळतात, हे मला फार पुढं कळलं. सिस्टरांच्या घरी मटण, भाकरी आणि शेवयांची खीर असायची.

पण माझ्या मनात राहिला तो त्यांचा स्वयंपाक नव्हे. एका वर्षी ऐन शनिवारी रात्री दवाखान्यात बाळंतीण आली. सिस्टर रात्रभर तिथंच. घरी सतरंजी घातलेली, पोरं अंघोळी करून बसलेली, पण पद काही सुरू होईना. ऊन अंगणात आलं. त्यांचे यजमान मसाला वाटत होते, थोरला पोरगा तांदूळ निवडत होता, धाकटी पाण्याची कळशी आणत होती. दहा वाजता सिस्टर आल्या, चहा घेतला, पाय धुतले आणि मग पहाटेची प्रार्थना भर उन्हात झाली. आजीनं ओसरीवरून विचारलं, ‘‘काय वं सिस्टर, येळ टळली की?’’ त्या म्हणाल्या, ‘‘आजी, मी नसताना माझ्या घरचा सण कसा होईल?’’ आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘खरंय बाय. द्येव काय यष्टी हाय व्हय, येळेवर सुटायला!’’

आमच्याकडं सण कधी कुणासाठी थांबला नाही. आई मात्र सणासाठी उभी असायची. जत्रेला वीस-पंचवीस पानं उठायची आणि ती जेवायची तिसऱ्या प्रहरी, उरलेल्या रश्शात भाकरी कुस्करून. पोळ्याला आपण बैलाची खांदेमळणी करतो, लोणी-हळद लावतो, त्या दिवशी मानेवर जू ठेवत नाही. ख्रिस्ती शास्त्रातल्या दहा आज्ञांतही विश्रांतीच्या दिवसाची आज्ञा आहे. तिच्यात चाकर, दासी, गुरंढोरं, दाराशी आलेला परका, सगळे येतात. दोन लांबच्या धर्मांना बैलाची सुट्टी सुचली. आणि पोळ्याच्याच दिवशी पुरण वाटणाऱ्या बाईचं काय?

साधेपणाचं कौतुक करताना मला आजीची आठवण होते, कारण तिला ते कौतुक मान्य नव्हतं. तिच्या आईचं माहेर मुळशी धरणात गेलेलं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. धरण झालंच. गावं उठली. वर्षभर नाचणीची भाकरी खाणाऱ्या त्या घरात सणाला गूळ मिळाला तरी पुष्कळ. आजी म्हणायची, ‘‘आमचा सण साधा व्हता, कारन घरात काय नव्हतं. त्येला साधेपना म्हनू नगा.’’ तिचं बरोबर होतं. उपाशी माणसाला गोडधोड हवं असतं, तो काही दिखावा नव्हे. ज्याच्याकडं निवडायला दोन गोष्टी असतात, त्यानंच साधेपणाच्या गप्पा माराव्यात.

आता आमच्याकडं निवडायला दोन गोष्टी आहेत. हिंजवडी आमच्याच तालुक्यात. पिरंगुटला कारखाने, डोंगराच्या कडेनं बंगले. जमिनी विकल्या, पैसा आला. जत्रेला आचारी येतो आणि आई आता सगळ्यांबरोबर जेवायला बसते. याला मी वाईट म्हणणार नाही. ज्या पैशानं आईला खुर्ची मिळाली, त्याला नावं ठेवणं सोपं असतं, पण ते आईला विचारून ठेवावं. मात्र आचाऱ्याच्या हाताखालच्या बायका दिवसभर भांडी घासतात, त्या कधी जेवतात हे आमच्यातलं कुणी विचारत नाही. आणि पोरांना करायला काही उरलं नाही, म्हणून ती कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसतात. काम घरातून गेलं खरं, पण दुसऱ्याच्या डोक्यावर गेलं.

सिस्टरांच्या अंगणात काम कमी नव्हतं, ते वाटून घेतलेलं होतं. म्हणून ते सगळ्यांचं एका वेळी संपलं आणि सगळी माणसं एका वेळी सतरंजीवर बसली. सुट्टी म्हणजे मला एवढंच वाटतं. शाळेला सुट्टी लागते ती पोराला मिळते, कचेरीची साहेबाला. घराची सुट्टी मात्र शेवटच्या माणसाचा हात रिकामा झाल्याशिवाय सुरू होत नाही.

पुढच्या सणाला खर्चाची वही नंतर उघडा. आधी बघा, तुमच्या घरात शेवटचं पान कुणाचं आहे, आणि त्याला अजून किती वेळ लागणार आहे. मग भाजी चिरायला पोराला हाक मारा. सुट्टीच आहे की त्याला.