टक्केवारी मीच शिकवली होती

मोबाइल खिशात घाला आणि नीट बसा. तुमच्यातला कुणी आज सरपंच आहे, कुणी सदस्य, कुणी ग्रामसेवक, कुणी शिक्षक, बाकीचे सोयाबीन-हळद करणारे बाप. गावं वेगवेगळी असली तरी पुसेगावात माझ्या फळ्यावरची टक्केवारी तुम्ही सगळ्यांनीच उतरवून घेतली होती. आज त्याच धड्यावर विचारतो. कुणाच्याच गावाचं नाव घेणार नाही. चोराच्या मनात चांदणं असतं, ज्याचं त्याला कळेल.

घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं मिळून ग्रामपंचायतीचं स्वउत्पन्न 4 लाख रुपये धरा. त्यातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असा शासनाचा आदेश आहे. किती झाले? 20 हजार. सातवीतलं पोरगंही तोंडी सांगेल. मग तुम्हाला हे उत्तर मार्च संपता संपताच का सुचतं? अन् सुचलं की काय करता? पाकिटं भरता, हार आणता, फोटो काढता. 20 जणांना हजार-हजार दिले की पुढच्या मार्चपर्यंत पाठ फिरवायला मोकळे. त्या हजारानं त्या घरात काय बदललं, हे पाहायला एक तरी सदस्य गेला का? आणि मतं जातील म्हणून घरपट्टीच वसूल करायची नाही, वर ‘सर, उत्पन्नच नाही’ म्हणायचं, ही हुशारी माझ्यापुढे करू नका.

आता तो फोटो पुन्हा बघा. त्यात कोण नाही? ज्याचा पाय गेला तो कुबडी टेकत येतो, भांडतो, हक्काचं घेऊन जातो. शाबास त्याची. पण जे लेकरू बोलत नाही, ज्याला वीस वर्षांचं झालं तरी आईला घास भरवावा लागतो, ते ग्रामसभेला येत नाही. त्याची आईही येत नाही, कारण त्याला कुणाजवळ सोडून यावं हा तिचा रोजचा प्रश्न आहे. जो मागायला येत नाही त्याला काही लागतच नाही, असं कोणत्या पुस्तकात वाचलंत? 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं 21 केले. बौद्धिक दिव्यांगता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी सगळं त्यात आहे. तुमच्या नोंदवहीत मात्र अजून ‘लंगडा, आंधळा, मुका’ इथंच गाडी अडली आहे.

सरपंच, तुला वेगळं सांगतो. 40 टक्क्यांचा दाखला नसेल तर त्या घराला कुठलंच दार उघडत नाही. दाखल्यासाठी वाढत्या अंगाचं, गर्दीत बिथरणारं पोर घेऊन हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात जायचं, रांगेत थांबायचं, बुद्ध्यांकाची तपासणी राहिली म्हणून परत यायचं. बाप मजुरी बुडवून एकदा जातो, दोनदा जातो, तिसऱ्यांदा घरी बसतो. गावातल्या अशा सगळ्या लेकरांची यादी करून, आधी वेळ ठरवून, एक गाडी करून त्यांना नेऊन आणायचा ठराव तुला सुचू नये? नेत्याच्या सभेला गाड्या भरताना बरं सुचतं.

तहसीलच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगासाठी कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला 50 हजार आहे. 2023 पासून महिन्याला 1500 रुपये मिळत होते, 2025 मध्ये दिव्यांगांना 2500 झाले. हे आपोआप झालं नाही. त्याच वर्षीच्या जूनमध्ये मोझरीला बच्चू कडू उपोषणाला बसले होते, लोक रस्त्यावर उतरले होते. तुमच्या गावात अशा किती घरांचा अर्ज तुम्ही स्वतः भरून दिलात?

वरच्यांनाही सोडत नाही. 2016 चा कायदा म्हणतो की सरकारनं आपल्या आर्थिक कुवतीत योजना कराव्यात, पण दिव्यांगाची मदत तशाच दुसऱ्या योजनेपेक्षा किमान 25 टक्के जास्त असावी. 1500 वर 25 टक्के म्हणजे 1875. तरी कैक महिने सगळ्यांना सरसकट 1500 च दिले गेले. केंद्राचं दिव्यांग निवृत्तीवेतन तर 2012 पासून 300 रुपयांवरच थांबलंय, आणि तेही 80 टक्के दिव्यांगता आणि दारिद्र्यरेषेखालचं घर असेल तरच. मंत्रालयातल्यांनाही माझ्या वर्गात बसवायला हवं होतं.

आता शिक्षक. मान खाली घालू नका, इकडे बघा. त्या लेकराचं नाव हजेरीपटावर आहे, कारण पट टिकवायचा आहे. लेकरू मात्र ओट्यावर बसून आहे. शेजारच्या शाळेत शिकणं हा त्याचा हक्क आहे. शाळेत येणं झेपणारच नसेल, तर घरी शिक्षण मिळण्याची सोय 2012 च्या दुरुस्तीनं शिक्षणहक्क कायद्यात आली. एका विशेष शिक्षकाकडे अनेक शाळा असतात, हे मलाही ठाऊक आहे. पण तो नसेल त्या दिवशी त्या लेकराला रांगेत उभं करायला, त्याच्याशी दोन शब्द बोलायला कोणता शासन निर्णय लागतो?

आणि आई-बापांनो, तुमच्यावर ओरडायला जीव होत नाही, पण ओरडणार. ‘याचा मामाही उशिराच बोलला होता’ म्हणत चार वर्षं घालवता, मग बुवा-बाबांकडे कोंबडं नेता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, 2013 पासून. विकासातला उशीर ओळखणं हे त्याचं ठरलेलं काम आहे. त्या दिवशी लेकराला लपवू नका. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत 1 लाखापर्यंत आरोग्य विमा आहे, त्यात थेरपीचाही खर्च धरतात. मुलगा अठराचा झाला की न्यासाच्या 1999 च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालकत्व घेता येतं. आपल्या मागं याचं कसं होईल, ही काळजी रात्री करता, तर दिवसा तो अर्जही करा.

शेवटचं, साऱ्या गावासाठी. त्या पोराला पारावर बोलावून नाचायला लावता, चिडवता, व्हिडिओ काढता. चारचौघांत दिव्यांगाचा जाणूनबुजून अपमान करणाऱ्याला 2016 च्या कायद्याच्या कलम 92 नं 6 महिने ते 5 वर्षं कैद आहे. संत नामदेवांच्या नर्सीचा जिल्हा म्हणून मिरवता, आणि करमणूक ही?

तर गृहपाठ लिहून घ्या. पुढच्या ग्रामसभेत या लेकरांची यादी मोठ्यानं वाचायची. प्रत्येकापुढे दाखला, अनुदान, शाळा, विमा असे चार रकाने आखायचे आणि जो रिकामा असेल त्यापुढे जबाबदार सदस्याचं नाव घालायचं. 5 टक्क्यांचा हिशोब पंचायतीच्या भिंतीवर लावायचा. खर्च ठरवताना पहिला वाटा त्याचा, ज्याला मागता येत नाही. एवढंही जमत नसेल तर सरपंचपद, सदस्यत्व, नोकरी काहीही मिरवा, माझा विद्यार्थी म्हणून मात्र मिरवू नका.