मावशी उरो, पण कशी?

‘माय मरो, पण मावशी उरो’ ही म्हण आपल्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. आई गेली तरी लेकरू मावशीच्या पदराखाली वाढेल, एवढा भरवसा तिच्यात आहे. मला मात्र ही म्हण बरीच वर्षं खटकत आली आहे. तिच्यात मावशीने फक्त उरायचं असतं. जिची सख्खी बहीण नुकतीच गेली, ती बाई स्वतः कशी आहे, हे म्हण विचारत नाही. आणि लेकराला तर ती तोंडच देत नाही.

आमच्या घरात ती मावशी म्हणजे माझी आई. मी सात वर्षांचा होतो आणि माझी मावसबहीण चार, तेव्हा मावशी आजारपणात गेली. काकांनी पुढे दुसरा संसार मांडला आणि बहीण फलटणला आमच्याकडे आली. दत्तकविधान नाही, कोर्ट नाही, कागद नाही. दोन पिशव्या कपडे आणि एक फ्रेम केलेला फोटो. गल्लीतल्या बायका आईला म्हणायच्या, “पुण्य केलंत हो.” आणि बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवत, “नशीब काढलंस गं पोरी.” दोन्ही वाक्यं मायेची होती, यात शंका नाही. पण त्या दोन वाक्यांनी त्या दोघींची तोंडं पुढची पंधरा वर्षं बंद केली, असं माझं मत आहे.

कारण पुण्याची एक अट असते. ते करणाऱ्याने कुरकुर करायची नसते. केली, की हिशेबातून पुण्य वजा होतं. आणि ज्याच्यावर उपकार झाले त्याने दुःख दाखवायचं नसतं. दाखवलं, की तो कृतघ्न. मूल वाढवणं हे दान आहे असं एकदा ठरलं, की देणारी दमू शकत नाही आणि घेणारी रडू शकत नाही. मग मानसिक आधार मागायचा तरी कोणत्या तोंडाने?

आईला दर वर्षी श्रावण संपता संपता पित्त व्हायचं. आठवडाभर डोकं धरून पडायची, उलट्या व्हायच्या. डॉक्टर गोळ्या द्यायचे, आजी कोकम सरबत करायची. मावशी पोळ्याच्या आदल्या दिवशी गेली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. पण त्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून कुणी पाहिल्या नाहीत. मोठा झाल्यावर मी एकदा विचारलं, तू मावशीसाठी रडलीस कधी? ती म्हणाली, “मी रडले असते, तर पोरीला वाटलं असतं, इथंही आपलं कुणी धड नाही.” नात्यातलं मूल वाढवणाऱ्यांची अडचण या एका वाक्यात आहे. दत्तक घेणाऱ्या जोडप्याने खूप काही सोसलेलं असतं, पण मूल ज्या माणसाला मुकलं, त्याच माणसाला ते जोडपं मुकलेलं नसतं. इथे मात्र आजी स्वतःची लेक गमावते आणि त्याच दिवशी लेकीच्या लेकराची आई होते. दुःख एकच, पण एकीने दुसरीला सावरायचं.

बहिणीचं दुःख वेगळ्या वाटेने आलं. तेरा वर्षांची असताना शाळेच्या कुठल्याशा फॉर्मवरून भांडण झालं आणि ती ओरडली, “तू माझी आई नाहीस.” आई कणीक मळत होती. मळतच राहिली. खरं तर बहीण चुकीचं काहीच बोलली नव्हती. ज्या बाईचा फोटो भिंतीवर होता तिच्याबद्दल घरात कुणी बोलत नव्हतं, आणि त्या गप्प बसण्याला आम्ही सगळे प्रेम म्हणत होतो.

आमच्या भागाला हा प्रश्न नवा नाही. फलटणहून तासाभराच्या अंतरावर नायगाव आहे, सावित्रीबाईंचं माहेर. खटाव तालुक्यातलं कटगुण हे फुल्यांचं मूळ गाव. जोतिराव तान्हे असताना त्यांची आई चिमणाबाई गेली आणि त्यांना वाढवलं सगुणाबाई क्षीरसागर यांनी, नात्यातल्या बहिणीने. त्या बालविधवा होत्या. म्हणजे महात्मा फुले नात्यातल्या बाईने वाढवलेलं मूल होते. पुढे १८७४ साली जोतिराव-सावित्रीबाईंनी काशीबाई या ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंतला, आपलं केलं. आपण ही गोष्ट थोरवी म्हणून सांगतो आणि तिथेच थांबतो. पण पुढचं पाहा. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव गेले, तेव्हा टिटवं कुणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद घातला. दत्तक मुलाचा हक्क त्यांना मान्य नव्हता. शेवटी सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं. त्यांच्या धैर्याबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. मला त्या गर्दीत उभा असलेला सोळा-सतरा वर्षांचा यशवंत दिसतो. बाप गेल्याच्या दिवशी त्याला लोकांसमोर ऐकावं लागलं, की तू त्याचा नव्हेस. त्या रात्री त्याच्याशी कोण काय बोललं असेल?

‘आमच्या आज्यांनी कुठे कौन्सेलर पाहिले होते, वाढलीच ना पोरं’ हा युक्तिवाद मी दर दिवाळीला ऐकतो. वाढली, खरं आहे. पण तेव्हा वाड्यात चार जावा होत्या. एकीचं डोकं फिरलं की दुसरी पोराला उचलून न्यायची. आता टू बीएचकेमध्ये ते एकट्या बाईवर येतं. माझ्या कंपनीत सर्व्हर सांभाळायला ऑन-कॉलची पाळी लागते, कारण एका माणसाने रोज रात्री फोन उशाशी घेऊन झोपलं तर तो महिन्याभरात चुका करायला लागतो, हे सगळ्यांना मान्य आहे. सर्व्हरसाठी जे कळतं ते आजीसाठी कळत नाही.

कायद्याला थोडंफार कळतं. २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार मूल घरी आल्यावर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाहणी होते, समुपदेशनाचीही तरतूद आहे. पण मूल सहा महिन्यांचं असताना घरी आलं, तर त्याच्या अडीचाव्या वर्षी ही पाहणी संपते. ‘तू माझी आई नाहीस’ हे वाक्य त्यानंतर दहा वर्षांनी येतं. आणि आमच्यासारख्या बिनकागदाच्या घरांना तर ती दोन वर्षंही नाहीत. आई-वडिलांचा सांभाळ हरपलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, दरमहा २२५० रुपयांची. तिला आता सावित्रीबाईंचंच नाव आहे. कोविडमध्ये दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे राज्याने पाच लाखांची ठेवही ठेवली. या पैशांना मी कमी लेखत नाही, वह्या-पुस्तकं आणि किराणा त्यातूनच येतो. पण पैसे मुलाच्या नावाने येतात, आणि ते उठता-बसता आजीचे गुडघे दुखतात, तिला झोप लागत नाही, याचा रकाना फॉर्मवर कुठे असणार? आमच्याकडच्या कारखान्यांवर ऊसतोडीला बीडहून येणारी जोडपी पोरांना आजी-आजोबांकडे ठेवून येतात, दिवाळी ते उन्हाळा. ती घरं तर कुठल्याच रजिस्टरमध्ये ‘अशी’ म्हणून नाहीत.

म्हणून मला वाटतं, पुण्य हा शब्द आधी बाजूला ठेवला पाहिजे. मूल वाढवणं हे काम आहे आणि ते या बायका गावाच्या वतीने करतात. कामाला दमणूक असते, सुट्टी लागते, मदतनीस लागतो, आणि ते मागणाऱ्याला कुणी स्वार्थी म्हणत नाही. मुलाच्या बाजूने पाहिलं तर कामाचे आभार मानता येतात, पण त्याचं आयुष्यभर ओझं वाहावं लागत नाही.

१४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबर मी आईच्या फोनमध्ये सेव्ह करून दिला. तिने विचारलं, “फोन करून काय म्हणू? पित्त झालंय?” प्रश्न रास्त होता. तिच्याकडे तक्रारीला शब्दच नाही, आणि साताऱ्याच्या सिव्हिलला मानसोपचार तज्ज्ञांकडे जायचं तर जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो, शिवाय एसटीत ओळखीचं कुणीतरी भेटतंच. मग मी म्हटलं, इथे दर गल्लीत बचत गट आहे. तसाच एक गट अशा बायकांचा का नसावा? दुसऱ्याचं पोर वाढवणाऱ्या पाच-सहा जणी, महिन्यातून एकदा, पैशांशिवाय. मधूनमधून एखादी समुपदेशक येईल, म्हणजे कुणी फारच खचली असेल तर तिला कळेल.

आई थोडा वेळ शेंगा सोलत बसली. मग म्हणाली, “पहिल्या दिवशी सगळ्या नुसत्या रडतील.”

“आणि दुसऱ्या महिन्यात?”

“दुसऱ्या महिन्यात पोरांच्या तक्रारी सांगतील. मोठ्याने. ते जास्त बरं वाटेल.” आणि शेंगांचं ताट माझ्याकडे सरकवून तिने नावं मोजायला सुरुवात केली. आमच्याच गल्लीत तीन निघाली.