डाव्या कौलाची सोय

गणपतीला खेडात उतरणारे चाकरमानी मखराच्या सामानाबरोबर मोबाइलमधले शोधही आणतात. यंदाचा शोध तसा शिळाच होता. 'द लायन किंग'मधला सिंबा कड्यावर धपकन आडवा होतो, धूळ उडते आणि त्या धुळीत इंग्रजीत 'सेक्स' ही अक्षरं उमटतात म्हणे. चित्र थांबवायचं, मोठं करायचं आणि शेजारच्याला विचारायचं, "दिसलं ना?" काय बघायचं ते आधीच सांगून ठेवलं की दिसतंच. चित्रपट १९९४चा, त्यावर अमेरिकेत तेव्हाच ओरड होऊन गेली. ती अक्षरं 'एसएफएक्स' आहेत, स्पेशल इफेक्ट्सवाल्यांची खूण, असा खुलासा अ‍ॅनिमेटर टॉम सिटो यांनी केला. पण खुलाशाने संशय उलट बळावतो. काहीच नव्हतं, तर सांगायला का आले?

खुणा वाचणं कोकणाला नवं नाही. आमच्याकडे अजून गावोगाव देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीला कळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि मानकरी टक लावून बसतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझा कौलावर विश्वास नाही. पण त्यातली शिस्त मी मानतो: प्रश्न आधी, चारचौघांत, मोठ्याने विचारलेला असतो आणि उत्तर 'नाही' असंही येऊ शकतं. (पुन्हा लावून बघणारे महाभाग असतातच, पण त्यांना गाव हसतं.) छुप्या संदेशांच्या शोधात डाव्या कौलाची सोयच ठेवलेली नाही.

या साऱ्याचं मूळही तसंच. पडद्यावर निमिषभर 'पॉपकॉर्न खा', 'कोका-कोला प्या' असं चमकवून विक्री वाढवल्याचा दावा जेम्स व्हिकरी याने १९५७मध्ये केला. हाताशी पुरेशी आकडेवारीच नव्हती, हे १९६२मध्ये त्यानेच कबूल केलं. दावा आजही फिरतोय, कबुली कुणाच्या गावीही नाही.

सगळंच थोतांड, असंही नाही. १९७७च्या 'द रेस्क्युअर्स'च्या व्हिडिओत एका खिडकीत नग्न स्त्रीचं छायाचित्र खरोखर होतं, दोनच फ्रेममध्ये. डिस्नेने जानेवारी १९९९मध्ये ३४ लाख कॅसेट परत मागवल्या. पण हा कुणाचा तरी वात्रटपणा. यात संदेश कसला? कार्टूनमधून संदेशच द्यायचा, तर लपवायचा कशाला? विजया मुळे यांच्या १९७४च्या 'एक अनेक और एकता'ने तो उघड गाऊन सांगितला, आणि त्यात एक आवाज छोट्या साधना सरगमचा होता, म्हणजे आमच्या शेजारच्या दाभोळचा.

मोबाइलवरचा हा पोरखेळ मी हसून सोडून दिला असता. पण २०१८मध्ये देशभर एक चित्रफीत फिरली: मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणारं मूल उचलून पळतात. मुळात ती कराचीतल्या एका संस्थेची जनजागृतीची फिल्म. शेवटी तेच दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि मुलांना जपा, असा फलक दाखवतात. आपल्याकडे फिरवताना नेमका तेवढाच तुकडा कापलेला होता. नकार त्या फितीतच होता, तो कुणीतरी काढून टाकला. अशाच अफवांच्या दिवसांत, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने मुलं पळवणारे ठरवलं. बाजाराचा दिवस होता. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारलं.