पात्रता आधी की प्रवेश?

वेदान्ताच्या प्रकरणग्रंथांत प्रमेयाला हात घालण्यापूर्वी अधिकारी कोण याचा विचार येतो. विवेक, वैराग्य, शमदमादि षट्संपत्ती आणि मुमुक्षुत्व ज्याच्या अंगी बाणले आहे त्यानेच पुढे यावे, इतरांनी आधी चित्तशुद्धी करून घ्यावी, असा त्याचा रोख. ज्ञान सर्वांसाठी सोपे करता करता ते पातळ होते, ही त्यामागची भीती अगदीच निराधार म्हणवत नाही.

पात्रतेची गोष्ट निघताच नाशिककराला १९३० साली सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह आठवावा हे साहजिकच. पण तेथे माणसाच्या माणूसपणाचाच प्रश्न होता, आणि मी जी गोष्ट सांगणार आहे तिला त्या पंक्तीस बसविणे औचित्याला सोडून होईल. मला आठवते ते त्र्यंबकेश्वर. तेथे ब्रह्मगिरीवर निवृत्तिनाथांना गहिनीनाथांकडून लाभलेली, गुरूने शिष्याच्या कानातच सांगावयाची नाथपंथी विद्या, निवृत्तिनाथांच्याच आज्ञेने ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये नेवाशास गीतेच्या निमित्ताने मराठीत सर्वांपुढे मांडली. त्यांनी भाषा सुगम केली. सिद्धान्त मात्र रतिमात्र सैल केला नाही.

लिनक्सच्या जगाला हे इतके सुखाने साधलेले नाही. प्रत्येकाला आज्ञावली चालविण्याची, तपासण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मुभा असावी, या तत्त्वावर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू या मुक्त कार्यप्रणालीची घोषणा केली, आणि १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांच्या लिनक्स या गाभ्याची (कर्नेलची) तिला जोड मिळाली. २०२३ पूर्वीची गोष्ट घ्या. एखादा विद्यार्थी आपल्या लॅपटॉपवर डेबियन हे लिनक्सचे वितरण बसवू लागतो. पडदा उजळतो, भाषा विचारली जाते, आणि वाय-फायची यादी रिकामी निघते, कारण वाय-फाय कार्डाचे फर्मवेअर, म्हणजे ते कार्ड चालविणारी आज्ञावली, कंपनी केवळ यंत्रभाषेत देते, मूळ मजकूर देत नाही, आणि १९९७ च्या आपल्या सामाजिक सनदेला जागणारे डेबियन त्याला अधिकृत प्रतीत थारा देत नसे. इंटरनेटला जोडून घेण्यासाठी लागणारी फाइल इंटरनेटवरूनच आणावयाची! ती अंतर्भूत असलेली प्रतही मिळे, पण ‘अनधिकृत’ असा शिक्का मारून आडबाजूला ठेवलेली. नवख्याला तिचा पत्ता लागावा कसा?

तरी हा आग्रह निव्वळ सोवळेपणा नव्हे. युनिकोडपूर्व काळात खासगी फॉन्टांत जुळविलेल्या मराठी पुस्तकांच्या फाइली आज तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडून पाहाव्यात. ‘ज्ञान’ या शब्दाच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रास दिसते. मजकूर आपला, पण तो वाचण्याची किल्ली दुसऱ्याच्या मालकीची. सोयीपुढे मान तुकविली म्हणजे काय होते, हे आपल्या छापखान्यांना कोणी शिकवावयास नको.

ऑक्टोबर २०२२ मध्ये डेबियनच्या सभासदांनी मतदानाने सनद दुरुस्त केली, आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून हे फर्मवेअर अधिकृत प्रतीत आले. स्टॉलमन यांनी स्थापिलेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला असली सवलत मान्य नाही. एक अपवाद दहांना वाट करून देतो, हा त्यांचा आक्षेप तर्काला धरून आहे. पण दारातूनच परतलेला विद्यार्थी बहुधा विंडोजकडेच वळतो, जेथे तत्त्वाचा उच्चारही त्याच्या कानी पडत नाही, हा हिशेब या तर्कात धरलेला नाही. माझा कौल दुरुस्तीच्या बाजूने आहे, आणि तोही एका अटीमुळे: कोणते फर्मवेअर चढविले हे वापरणाऱ्याला सांगावयाचे, त्याची नोंद त्याच्या संगणकावर ठेवावयाची, आणि ते नको असल्यास शक्य तेथे आरंभीच नाकारण्याची सोय द्यावयाची, असे त्या ठरावातच नमूद आहे. सवलतीची अशी राजरोस दप्तरी नोंद होते तोवर तत्त्व शाबूत आहे. लपविलेली सवलत मात्र फसवणूक होय.

म्हणून नाशिकच्या महाविद्यालयांतून नवख्यांना लिनक्स बसवून देणाऱ्या मंडळींना एवढीच विनंती की, ती नोंद घाईने पुढे सारू नये. कोणता भाग कोणाच्या मालकीचा आहे, हे त्या विद्यार्थ्याला त्याच बैठकीत समजावून द्यावे.